पान तीनवरचा काठ

भूमिका सोनकुसरे आमच्या वरच्या खोलीत अडीच वर्षं राहिली. खरं तर दोनच राहायची होती. वरचे सहा महिने का वाढले, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

मी चौतीस वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांनी लिहिलेल्यातल्या चुका काढायच्या, एवढंच आयुष्यभर जमलं. स्वतः चार ओळी लिहिल्या की त्या कोणाच्या तरी हाती पडतील या विचारानं कागद उलटा करून ठेवतो. पण या प्रकरणात एक चूक माझी होती. दुसरं कोणी ती लिहिणार नाही, म्हणून मीच लिहितो.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. यात एक साडी येते. तिचा काठ कसा होता ते मी सांगणार नाही. ज्या बाईची ती साडी, तिचं नावही बदललं आहे. तिला मी जिजाबाई म्हणतो.

भूमिका उमरेडची. आई लहानपणीच गेली. वडील दादाजी हातमागावर साड्या विणतात. बी.ए. झाल्यावर तिनं नागपूरला पत्रकारिता आणि माध्यमांच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. घरात यापूर्वी वर्तमानपत्र यायचं ते साड्या गुंडाळण्यापुरतं, असं ती स्वतःच हसत सांगायची. सक्करदऱ्यातल्या आमच्या घरी खोली पाहायला आली तेव्हा तिनं आधी खिडकीच्या पडद्याला हात लावला. दोन बोटांत कापड चोळलं आणि माझ्या बायकोला, पुष्पलताला, म्हणाली, "काकू, हा पॉवरलूमचा हाय." पुष्पलतानं तो पडदा हातमागाचा म्हणून मोठ्या हौसेनं आणला होता. मला वाटलं, खोली काही मिळत नाही आता हिला. पण पुष्पलता म्हणाली, "खरं बोलते पोरगी. राहू दे."

कापडाकडे पाहायची तिची ती सवय कधी सुटली नाही. समोर माणूस आला की आपण चेहरा पाहतो; ती काठ पाहायची.

वर्गात पहिले काही महिने तिला फार जड गेले. तिच्या 'मले' आणि 'काहून'ची नक्कल अंकित नावाचा वर्गमित्र हुबेहूब करायचा. हा जरीपटक्याचा मुलगा, बोलायला तिखट. मग ती वर्गात पुस्तकी मराठी बोलू लागली आणि आमच्या जिन्यात बसून फोनवर वडिलांशी घरची. रोज दुपारी चारला ती लिहिलेलं घेऊन माझ्याकडे यायची. मुद्रितशोधनाच्या खुणा मी तिला शिकवल्या. सगळ्यात आवडली ती काढून टाकायची खूण, समासात काढायचा शेपटीवाला वेटोळा. "काका, एवढ्याशा वेटोळ्यानं अख्खं वाक्य जाते," ती म्हणायची.

शेवटच्या सत्रात त्यांचा प्रायोगिक अंक निघतो. आठ पानांचं छोटं वर्तमानपत्र. बातम्या विद्यार्थ्यांनीच आणायच्या, लिहायच्या, पानं लावायची. त्यांच्या विभागप्रमुख चारुशीला मॅडम यांचा एक नियम होता. ज्यांच्याविषयी बातमी असेल, त्यांना अंकाची पहिली प्रत लिहिणाऱ्यानं स्वतः नेऊन द्यायची आणि सहीची पोच आणायची. पोच नाही तर त्या विषयाचे गुण नाहीत. ज्याच्या समोर उभं राहून प्रत देता येत नाही, त्याच्याविषयी लिहू नका, असं त्या म्हणत.

भूमिकेनं विषय घेतला धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयातल्या आयांचा. रुग्णालयाचं नाव इथे नको. तिथे आयांना बारा तासांच्या कामात बसायची मनाई होती. वॉर्डात त्यांच्यासाठी स्टूलसुद्धा नव्हतं. हे तिला जिजाबाईकडून कळलं. जिजाबाई उमरेडहून रोज एसटीनं येणारी आया. रुग्णालयात ती एक शब्द बोलायची नाही. जे सांगितलं ते एसटीच्या सीटवर बसून, महिनाभर, थोडं थोडं. आणि एका अटीवर.

"माहं नाव आलं तर दुसऱ्या दिवशी मी घरी. मागच्या साली एकीनं नुसतं साहेबाले इचारलं होतं, तिले लगेच काढलं. माह्या घरात कमावणारं दुसरं कोणी नाही, पोरी."

भूमिकेनं शब्द दिला. बातमीत नाव आलं नाही, गाव आलं नाही, वॉर्डही आला नाही. मी स्वतः तपासलं.

पण मॅडम वर्गात सांगत, बाई गरीब होती असं लिहू नका, तिच्या अंगावर काय होतं ते लिहा. म्हणून भूमिकेनं एक वाक्य लिहिलं. बारा तास उभी राहून ती बाई गणवेश उतरवते आणि आपली साडी नेसते, त्या साडीच्या काठाविषयी. करवतीच्या दातांचा काठ आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पण या काठात एक वेगळी खूण होती, आणि ती भूमिकेनं लिहिली. दुसऱ्या कोणी 'लाल साडी' लिहिलं असतं आणि पुढे गेलं असतं. ही मागाजवळ वाढलेली. तिला लाल साडी दिसतच नव्हती, काठ दिसत होता.

पान लावताना मजकूर चार ओळी जास्त झाला. तिनं नेमकं तेच वाक्य काढायला घेतलं होतं. मी म्हटलं, "हे नको काढू. दुसरीकडचं काढ." आणि प्रुफावर त्या वाक्याशेजारी बारीक अक्षरात 'छान' लिहिलं. चौतीस वर्षांत मी कोणाच्या प्रुफावर असं कधी लिहिलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी अंक छापून आला. दुपारी एकला ती एक प्रत मला देऊन गेली. दुसरी पाकिटात घालून धंतोलीला निघाली. "काका, पाचच्या आत पोच विभागात द्यायची हाय. साहेबांनी अडीचची वेळ दिली." पावलं नेहमीसारखी भराभर.

पावणेदोनला दादाजी आले. महिन्यातून एकदा ते इतवारीतल्या दुकानात साड्या द्यायला नागपूरला येतात आणि आमच्याकडे पाणी पिऊन जातात. मी अंक त्यांच्या हातात दिला. पान तीनवर वर मोठ्या अक्षरात 'बारा तास उभ्या' आणि खाली मुलीचं नाव. त्यांनी चष्मा लावला, नावावरून दोनदा बोट फिरवलं आणि ओळीखाली बोट धरून सावकाश वाचू लागले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तिसऱ्या रकान्यात बोट थांबलं.

"मुकुंदभाऊ, हे इथं काय लिहिलं?"

मी वाचून दाखवलं. अभिमानानंच वाचलं, खोटं कशाला सांगू.

"हे तर जिजीची साडी होय."

"कोण ओळखणार आहे, दादाजी? नाव कुठे आहे?"

"नाव कायले पाह्यजे? हा काठ मी एकदाच काढला. जिजीच्या पोरीच्या लग्नात, जिजीसाठी. अन् तिथल्या मोठ्या सिस्टरनं तो पाहून मले तसलीच साडी सांगितली हाय. माह्या मागावर हाय ते आत्ता." त्यांनी चष्मा काढला. "भूमीले हे मालूम नाही. मी तिले सांगितलंच नाही. सिस्टर हे वाचन अन् सरळ जिजीकडे बोट दाखवन."

बातमीवर नाव सोनकुसरे, खाली काठ सोनकुसऱ्यांचा. घड्याळात दोन वाजायला पाच मिनिटं होती.

भूमिकेला फोन लावला. वाजत राहिला. बातमीच्या कामावर असताना फोनचा आवाज बंद ठेवायचा, हाही मॅडमचाच नियम. पाचदा लावला. मग पायात चपला घातल्या. पुष्पलता आतून विचारत होती, कुठे निघाले, काय झालं. मी दादाजींना घेऊन ऑटो पकडला.

ऑटोत दादाजी साड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते. मेडिकल चौकात गाड्या अडकल्या.

"काहून थांबला गा?" त्यांनी ऑटोवाल्याला विचारलं.

"उडून जाऊ का आता, बाबाजी?"

"जमत असन तर जा."

रुग्णालयात पोचलो तेव्हा दोन पस्तीस झाले होते. आत गर्दी. उजवीकडे काचेच्या दारामागे कार्यालय. भूमिका तिथे खुर्चीवर बसली होती, पाकीट मांडीवर. तिच्यापुढे एकच माणूस होता. तिची पाठ आमच्याकडे.

दारावरच्या रखवालदारानं हात आडवा धरला. "कुपन?"

"त्या मुलीला एक निरोप..."

"कुपनशिवाय आत नाही, काका."

मोठ्यानं हाक मारावी तर काय म्हणून मारावी? शिवाय मला हाक मारता येत नाही. बसमध्ये माझा स्टॉप आला तरी मी कंडक्टरला सांगत नाही, पुढच्या स्टॉपवर उतरून मागे चालत येतो. मी खिशातलं एसटीचं जुनं तिकीट काढलं आणि पेन्सिलीनं त्याच्या मागे लिहिलं, 'पान ३'. पुढे शेपटीवाला वेटोळा काढला. बाकी काही नाही. चिठ्ठी दुसऱ्या कोणाच्या हाती पडली तरी त्याला कळू नये.

"एवढं तिच्या हातात द्या. औषधाचं आहे."

रखवालदारानं कागद उलटून पाहिला, तोंड वाकडं केलं, पण आत गेला. भूमिकेनं चिठ्ठी वाचली. पाकिटातून अंक अर्धा बाहेर काढला, पान तीन उघडलं. तिला काही उमगत नव्हतं, हे तिच्या मानेवरूनच दिसत होतं. मग तिनं वळून पाहिलं. काचेपलीकडे मी, आणि माझ्या शेजारी तिचे वडील. मुलीच्या अभ्यासात ज्यांनी कधी तोंड घातलं नाही, ते दादाजी गाठोडं घेऊन तिथे उभे होते. त्यांनी काही खूण केली नाही. फक्त धोतराच्या काठावरून दोन बोटं फिरवली.

रखवालदार बाहेर आला तेव्हा काचेचं दार अर्धं उघडंच राहिलं; आतपर्यंत ऐकू जात होतं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"अहो सोनकुसरे काका, तुम्ही इथे?"

मोठ्या सिस्टर होत्या. पन्नाशीच्या, हसऱ्या. आल्या त्या सरळ दादाजींजवळ.

"माझी साडी आणली का?"

"मागावर हाय, सिस्टर. पंधरा दिवस लागतीन."

"काठ मात्र जिजाबाईसारखाच हवा, बरं का. तिचा तो काठ मी शंभर जणींत ओळखीन." मग माझ्याकडे पाहून त्यांनाच विचारलं, "यांना घेऊन आलात का?"

दादाजींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, आयुष्यात मी पहिल्यांदाच न अडखळता खोटं बोललो. "चक्कर येते आहे."

त्यांनी मला बाकावर बसवून दंडाला पट्टा गुंडाळला. पारा वर चढलेला त्यांनी दोनदा पाहिला. हसू गेलं. "एकशे ऐंशी. तुम्ही आता कुठेही जायचं नाही. जिजाबाई, खुर्ची आणा इकडे."

चाकांची खुर्ची ढकलत जिजाबाई आली. फिका निळा गणवेश, पायात रबरी चपला, घोटे सुजलेले. तिनं दादाजींना पाहिलं, मग काचेतून भूमिकेला. मी खुर्चीत बसलो. ती खुर्चीच्या मुठी घट्ट धरून माझ्या मागे उभी राहिली.

"काय झालं, भाऊ?" ती दादाजींना हळूच म्हणाली.

"काही नाही. तू काही बोलू नोको."

"यांना आधी डॉक्टरांना दाखवू," सिस्टर म्हणाल्या.

आत शिपायानं पुकारलं, "ते पेपरवाली मुलगी." भूमिका उठली. पाकीट हातात होतं. आतलं दार उघडलं, मिटलं. त्या दाराच्या वरच्या काचेतून टेबलाचा फक्त एक कोपरा दिसत होता. मी त्या कोपऱ्यावर नजर ठेवून बसलो. सिस्टर माझ्या रक्तदाबाविषयी काहीतरी विचारत होत्या. मी हो हो म्हणत होतो. कोपऱ्यावर कागद येतो का, एवढंच पाहत होतो. एकदा तिथे एक हात आला, पसरलेला, मागणारा. तो तसाच थोडा वेळ राहिला. मग मागे गेला.

चार मिनिटांनी ती बाहेर आली. आमच्या बाजूला न पाहता सरळ फाटकाकडे गेली. मला मात्र डॉक्टरांनी गोळी देऊन अर्धा तास झोपवलं आणि मगच सोडलं. ती गोळी मी आजही घेतो.

फाटकाबाहेर लिंबाखाली ती उभी होती.

"बाबा, ते सिस्टरची साडी..."

"हो. मी बोललो नाही तुले." दादाजी एवढंच म्हणाले.

"काय सांगितलंस आत?" मी विचारलं.

"त्यांनी हात पुढे केला. मी म्हटलं, आणला होता अंक, पण आज देत नाही. एक चूक सापडली. ते म्हणाले, आमच्याविषयी? मी म्हटलं, नाही. माझी." तिनं पाकीट दोन्ही हातांनी धरलं होतं. "म्हणाले, मग दुरुस्त करून आणा."

माझी, असं ती म्हणाली. प्रुफावरचं 'छान' मला आठवत होतं, आणि तेव्हा ते माझ्या तोंडातून निघालं नाही.

विभागात पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. अंकांचे गठ्ठे सुतळीनं बांधून टेबलावर होते. शनिवारी सकाळी ते वर्तमानपत्रांच्या कार्यालयांत आणि बातमीतल्या ठिकाणी जाणार होते. मॅडमनी आधी विचारलं, "पोच?"

"नाही आणली, मॅडम."

तिनं सगळं सांगितलं. मॅडमनी पान तीन उघडून ते वाक्य वाचलं. "हे मी वर्गात वाचून दाखवलं होतं," त्या म्हणाल्या. मग गठ्ठ्यांकडे पाहून विचारलं,

"त्या ओळीवर काळी शाई फिरवू या का?"

तिथे मला बोलावं लागलं. "शाई फिरवली की लोक कागद उजेडात धरतात. आणि उजेडात वाचता येतं. आमच्याकडे एकदा झालं होतं."

राहिला एकच मार्ग. तीन, चार, पाच, सहा ही पानं मिळून आतला एक सुटा कागद. तो प्रत्येक अंकातून काढून घ्यायचा. पण त्या कागदावर आणखी तिघांच्या बातम्या होत्या. चौथ्या पानावर अंकितची, जरीपटक्याच्या बाजारावरची.

अंकित तिथेच बसला होता. "सोमवारी मले इंटरव्ह्यूले हा अंक न्यायचा हाय," तो म्हणाला. गंमत म्हणजे रागात तोही घरचंच बोलत होता. "तुझ्या एका काठापायी माझं आख्खं पान?"

"हो," भूमिका म्हणाली.

"एवढं बारीक कोण वाचते पण?"

"तुझ्या बातमीतल्या दुकानदारानं नाव छापू नको म्हटलं असतं तर?"

"त्यानं मोबाईल नंबरपण छाप म्हटलं होतं. फुकटची जाहिरात." तो उठला. बाकी दोघांना त्यानंच फोन लावला. काय बोलला ते मी ऐकलं नाही. मग कात्री घेऊन पहिल्या गठ्ठ्याची सुतळी कापली. "नक्कल केली होती ना मी तुझी," तो म्हणाला. "फेडून घेतलं म्हण."

आम्ही पाचजण बसलो. अंक उघडायचा, आतला कागद ओढायचा, मिटायचा. दादाजींचा हात सगळ्यांत जलद चालत होता. मधेच अंकितनं एका कागदातून आपली बातमी कापून घेतली, सोमवारसाठी. कात्रण उलटून पाहिलं. मागे नेमका भूमिकेचा तिसरा रकाना होता, आणि ते वाक्य. त्यानं तेवढा तुकडा कापून टाकला. त्याच्या बातमीला मधोमध खिडकी पडली. सोमवारी ते कात्रण घेऊनच तो गेला. नोकरी मिळाली की नाही, मला ठाऊक नाही.

पाच वाजले. मॅडमनी गुणांचं पुस्तक उघडलं आणि भूमिकेच्या नावापुढे शून्य लिहिलं. "नियम माझाच आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या सत्रात पुन्हा कर." भूमिकेनं मान हलवली. दादाजींना ते शून्य कळलं होतं. ते गठ्ठ्याची सुतळी बांधत राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती उमरेडच्या बसच्या थांब्यावर जिजाबाईला गाठायला निघाली. काय झालं होतं ते तिला सांगितलंच पाहिजे, असं तिचं म्हणणं. मीही गेलो. माझ्याकडे ते प्रूफ होतं, 'छान' लिहिलेलं. अंकांतून काढलेले कागद, आधी बाहेर गेलेल्या प्रतींतलेही परत आणून, आदल्या रात्रीच जाळले होते; ते वाक्य आता तेवढ्या एका कागदावर उरलं होतं. वाटेत मी तिला ते देऊन टाकलं आणि आदल्या दिवशी राहून गेलेलं बोललो. "तू काढत होतीस. मीच ठेवायला लावलं." ती म्हणाली, "मले मालूम हाय, काका."

जिजाबाई तीच साडी नेसून आली. सगळं ऐकून घेतलं. शिव्या देईल असं मला वाटत होतं.

"माह्या साडीचं लिहिलं होतं व्हय? वाच बरं."

भूमिकेनं प्रूफ काढलं आणि थांब्यावर, आवाज खाली ठेवून, वाचलं. जिजाबाईनं पदराचा काठ हातात धरून ऐकलं.

"अजून एकदा वाच."

तिनं पुन्हा वाचलं.

"माह्यावर कोणी कधी लिहिलं नाही. दे तो कागद मले. पेटीत ठेवतो."

"नाही देत, मावशी."

"काहून वं? साडी माही, गोष्ट माही."

"म्हणूनच." भूमिकेनं प्रुफाचे दोन तुकडे केले, मग चार, मग बारीक बारीक. जिजाबाई त्या तुकड्यांकडे पाहत राहिली.

"बापावर गेली तू," ती म्हणाली. "तोही चुकला की सगळं उसवते."

भूमिकेची बातमी सहा महिन्यांनी पुढच्या अंकात आली. ती छापण्याआधी माझ्याकडे आली नाही. आधी दादाजींनी ओळीखाली बोट धरून वाचली, मग मला मिळाली. साहेबांनी प्रत घेतली, न वाचता सही केली. भूमिका आता एका दैनिकात आहे.

त्या संध्याकाळी मात्र बस आली तेव्हा दाराशी झुंबड उडाली. जिजाबाई कोपरानं वाट काढत आत शिरली. आम्ही खालून खिडक्यांकडे पाहत होतो. तिसऱ्या खिडकीत ती दिसली. तिला जागा मिळाली होती.